पावलांची बाई

१

रत्नागिरीच्या रेडिओ केंद्रावर विमला भाटकर एकतीस वर्षं चालत होती. श्रुतिकेतली सासुरवाशीण माहेरी निघाली की पावलं वाजायची ती विमलाची. डॉक्टरीणबाई घाईघाईने जिना चढल्या की चढायची तीही विमलाच. बोलायला तिला कधी दिलं नाही. चोवीस वर्षांची असताना ती आवाजाच्या चाचणीला गेली होती, तेव्हा साहेबांनी मान हलवली, म्हणाले आवाज बसका आहे. ती निमूट वळली आणि निघाली. दारापाशी पोचते न पोचते तोच त्यांनी मागून हाक मारली, "बाई, परत एकदा दारापर्यंत चालून दाखवा."

तेव्हापासून नाटकाच्या स्टुडिओतला एक कोपरा तिचा झाला. एका ओळीत मांडलेल्या चार वस्तू होत्या तिथे. आधी वाळू भरलेलं पत्र्याचं तबक, मग जांभ्याचा चिरा, मग सागवानी फळी आणि शेवटी दार. हे दार भिंतीत नव्हतंच. फणसाच्या लाकडाचं, कडी-कोयंड्यासकट, आपल्या चौकटीत ते खोलीच्या मधोमध उभं असायचं. पलीकडे दोन हात जागा आणि मग आवाज मुरवणाऱ्या भोकाभोकांच्या फळ्यांची भिंत. नवीन नट आला की हटकून त्या दारातून एकदा जाऊन यायचा आणि हसायचा.

वाळूत चालायचं तर तबकात उभं राहून जागच्या जागी पाय उचलायचे. चिऱ्यावरही तसंच. इतकी वर्षं चालली, पण विमला त्या कोपऱ्यातून पुढे कुठे गेली नाही.

आता ती शहात्तरची होती. गुडघे गेलेले, कानात यंत्र बसलेलं. मुलगा बोटीवर, म्हणून मांडवीच्या घरात ती आणि सून राजश्री अशा दोघीच. त्या फेब्रुवारीत केंद्राने एक अख्खा दिवस नाटकांचा ठरवला. गाणी नाहीत, बाजारभाव नाहीत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं बोललेलं. जुन्या श्रुतिका, प्रहसनं, कथावाचन, कलावंतांच्या गप्पा, आणि पाच वाजता एक विनोदी नाटक थेट स्टुडिओतून, जुन्या पद्धतीने, समोर वस्तू वाजवून. कार्यक्रम अधिकारी मनस्वी स्वतः घरी आली. म्हणाली, विमलाताई, पावलं तुमचीच हवीत, आणि यावेळी तुमचं नाव घेणार आहोत.

नाव घेणार, हे ऐकून विमला दोन रात्री नीट झोपली नाही.

२

सकाळी आठला पहिली श्रुतिका लागली. विमलाने ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला आणि पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं. चाळीसएक वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण. बोटीवर गेलेल्या नवऱ्याची बायको किनाऱ्यावर जाते, असा प्रसंग होता. विमलाला आपली पावलं लगेच ओळखू आली. तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती आणि टाच जरा जड पडायची. सात पावलं, थांबणं, उसासा. उसासा नटीचा, पावलं हिची.

थांबल्यावर शांतता हवी होती. पण वाळू वाजत राहिली.

विमलाचे हात पिठात थांबले. कोणीतरी अनवाणी चालत येत होतं. घाई नाही, लपणं नाही. तिची पावलं नेहमी एकाच अंतरावरून यायची, कारण ती जागची हलतच नसे. ही पावलं मात्र लांबून येत होती. सुरुवातीला नुसती कुरकुर, मग प्रत्येक पावलाखाली दबणारी वाळू वेगळी ऐकू यायला लागली. दोन फुटांच्या तबकात असं लांबून चालत येता येत नाही.

मग नटीने पुढचं वाक्य घेतलं आणि पावलं थांबली.

विमलाने हात धुतले. केंद्रावरचे जुने तंत्रज्ञ सांगायचे ते तिला आठवलं. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्याला लागतो आणि भुतासारखा मागून ऐकू येतो. तसंच असणार. आपलीच पावलं आपल्याला परत ऐकू आली. तिने स्वतःची समजूत घातली आणि तवा ठेवला. पण आपली टाच जड पडत होती, आणि त्या पावलांची टाच तशी पडत नव्हती, हे तिच्या मनातून जाईना.

३

साडेदहाला प्रहसन होतं, पहिल्या श्रुतिकेनंतर सातआठ वर्षांनी झालेलं. सावकाराला चुकवून पळणाऱ्या भटजीबुवांच्या बायकोची पावलं विमलाची. चिऱ्याच्या पायरीवर तीन उड्या. राजश्री भाजी निवडता निवडता हसत होती. विमलाही हसली, कारण त्या तिसऱ्या उडीला तिचा पाय मुरगळला होता.

उड्या संपल्या. भटजी बोलायला लागले. आणि त्यांच्या बोलण्याखालून कोणीतरी चिऱ्यावर चढलं.

एक पाऊल. मग दुसरं. जांभ्याचा खरखरीतपणा त्या अनवाणी तळव्याला घासत होता, हे विमलाला जसंच्या तसं ऐकू आलं. मग तिसरं पाऊल, पहिल्या दोन्हींपेक्षा हलकं, जणू दुसऱ्याच कोणाचं.

आधी वाटलं, यंत्राचाच खेळ. तिने ते कानातून काढून फुंकलं, परत लावलं. राजश्रीच्या मोबाइलवरही तोच कार्यक्रम चालू होता, तो अर्धं मिनिट मागे असायचा. विमला ओट्यापाशी जाऊन त्याच्याजवळ वाकून उभी राहिली. उड्या आल्या. भटजी आले. मग ती पावलं आली, तितकीच, त्याच जागी.

तिने सुनेला विचारलं, "तुला ऐकू आलं का गो?"

"काय?"

"कोण चाललं ते."

राजश्रीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. म्हणाली, "नाटक आहे ना आई. कोणतरी चालणारच."

विमलाने विषय तिथेच सोडला. मागच्या महिन्यात तिच्या हातून गॅस उघडा राहिला होता, तेव्हापासून राजश्री तिच्या बोलण्यात काहीतरी शोधायची. आज हिला काही सांगितलं तर संध्याकाळचं जाणं रद्द होईल आणि उद्या डॉक्टरकडे नेतील. एकतीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेणार होते. ती गवारीच्या शिरा काढू लागली. पण तिला ऐकू येत होतं ते सुनेलाही ऐकू येत होतं. फक्त त्यात काही वावगं आहे, हे कळायला त्या कोपऱ्यात उभं राहिलेलं माणूस लागत होतं.

४

दुपारी एकला नमन-खेळ्यांवर, शिमग्यात गावोगाव फिरणाऱ्या लोकनाट्यावर, गप्पा होत्या. संगमेश्वराकडचे दोन सोंगाडी आणि मनस्वी. हे ध्वनिमुद्रण चारच दिवसांपूर्वीचं, संगणकावरचं. फीत नाही, वेढे नाहीत. नाटक नाही, म्हणून पावलांचं काही कामही नाही. विमला जेवून उठली, सुपारी तोंडात टाकली आणि निर्धास्त ऐकायला बसली.

एक सोंगाडी सांगत होता, की पूर्वी खेळे गावात येण्याआधीच लोकांना कळायचं. मृदुंग ऐकू यायच्या आधी. कसं कळायचं, ते त्यालाही सांगता येईना. तो शब्द शोधत थांबला.

त्या थांबण्यात सागवानी फळी वाजली.

पावलांमागून पावलं. यावेळी विमलाने मोजायचा प्रयत्नही केला नाही, कारण ती एकात एक मिसळत होती. अनवाणी होती, वहाणांची होती, कोणाच्या तरी पायात वाळा होता. फळीच्या टोकाला एक खुंटी सैल होती, तिथे पाय पडला की बारीकसं चिवचिवायचं. नाटकभर ते टोक टाळून पाय टाकायची विमलाला सवय होती. त्या खुंटीवर कोणीतरी पाय दिला. चिव्. आणि मग सगळं थांबलं.

दोन्ही सोंगाडी गप्प होते. मनस्वीसुद्धा. वाटेवरून थोर माणूस जात असलं की लोक बोलणं थांबवतात, तसे ते तिघं थांबले होते. मग सोंगाडी नुसतं "हां" म्हणाला आणि गप्पा पुढे सुरू झाल्या.

राजश्री भांडी लावता लावता म्हणाली, कोणीतरी चहा घेऊन आलं असेल.

विमला खुर्चीत बसून राहिली. तिच्या डोळ्यांसमोर तो कोपरा उभा राहिला. आधी वाळू. मग चिरा. मग फळी. खुंटीचं टोक दाराच्या बाजूला. जे कोणी येत होतं ते त्या ओळीतून सरळ येत होतं, वर्षं ओलांडत, आणि आता दारापाशी येऊन उभं राहिलं होतं. पाच वाजताच्या नाटकात दार तीनदा उघडायचं होतं.

आपल्याला भीती वाटायला हवी, असं तिच्या मनात आलं. भीती होतीच. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. लहानपणी गणपतीपुळ्याला देवळामागच्या डोंगराकडे पाहताना वाटलं होतं तसं, की आपण फार लहान आहोत आणि तरीही आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे.

तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

५

मनस्वीने तिला हाताला धरून स्टुडिओत नेलं. कोपरा पुन्हा मांडला होता, कोठारातून जुन्याच वस्तू काढून. काचेपलीकडे तंत्रज्ञ शिवा मयेकर बसला होता. पन्नाशीचा, मितभाषी. विमलाने त्याला त्याच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं. ती त्याच्यापाशी गेली आणि दुपारच्या गप्पांमध्ये पावलं कोणाची, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. शिवाने तिच्याकडे न पाहता एक कळ पुसली.

"काकी, त्या दिवशी या स्टुडिओत ही फळी नव्हती," तो म्हणाला. "कोठाराला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे."



नाटक सरळ होतं. निवृत्त मास्तरांच्या दारी शेजारच्या लग्नाचं वऱ्हाड चुकून येतं. मास्तर पाहुण्यांना घालवतात, दुसरे येतात, त्यांनाही घालवतात. तिसऱ्यांदा थाप पडते तेव्हा चिडून दार उघडतात आणि समोरच्यांच्या तोंडावर धाडकन लावतात. मास्तर झाला होता बाळा नागवेकर, तिच्याबरोबर तरुणपणापासून काम केलेला नट. आणखी दोघं होते, कॉलेजातले, उत्साही. सगळे एका मायक्रोफोनभोवती आणि विमला आपल्या कोपऱ्यात, दुसऱ्या मायक्रोफोनसमोर.

लाल दिवा लागला. मनस्वीने नाटकाचं नाव सांगितलं, नटांची नावं सांगितली आणि मग म्हणाली, "ध्वनिसंकेत, विमला भाटकर."

क्षणभर विमला बाकी सगळं विसरली.

६

पहिली थाप तिने मारली. दार उघडलं, पलीकडे भोकाभोकांच्या फळ्यांची भिंत. तिला हायसं वाटलं. दुसऱ्यांदाही तसंच. पोरं छान बोलत होती, काचेमागे मनस्वी तोंडावर हात ठेवून हसत होती. विमलाच्या गुडघ्यांनीही बरी साथ दिली. सगळे नुसते कानाचे भास, असं ती स्वतःशी म्हणत होती, तेवढ्यात तिसऱ्या थापेची जागा आली.

तिने हात उचलला. बोटं लाकडाला लागायच्या आधी थाप पडली.

पलीकडून. उघड्या तळव्याने, एकदाच, बेताची. घर आपलं नाही हे ज्याला ठाऊक आहे त्याने मारावी तशी.

"आलो, आलो," बाळा मास्तरांच्या आवाजात वैतागून म्हणाला. थाप विमलाचीच, असंच त्याला वाटलं होतं.

थेट प्रक्षेपण होतं. थांबता येत नव्हतं. विमलाने कडी काढली आणि दार ओढलं.

काम करताना मान खाली आणि नजर पायांकडे, ही तिची आयुष्यभराची सवय. म्हणून तिला दिसलं ते उंबऱ्यापाशी दिसलं, आणि तिने नजर त्याच्या वर नेली नाही. न्यायला धजली नाही.

उंबऱ्यापलीकडे पावलं होती.

सगळ्यांत पुढे एका म्हातारीची, रुंद, टाचांच्या भेगांत तांबडी माती बसलेली, जोडवी झिजून तारेसारखी झालेली. तिच्या मागे पुरुषाची, घोट्यापर्यंत ओली, वाळू चिकटलेली. नायलॉनच्या चपलांतली. शाळेच्या बुटांतली. वाळा घातलेलं तान्हं पाऊल, अधांतरी, कोणाच्या तरी कडेवरचं. त्यांच्या मागे आणखी, आणि त्यांच्याही मागे. भिंत तिथे नव्हतीच. उतरत्या दुपारचं तिरकं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात, नजर पोचेल तिथवर, रांगांमागून रांगा पावलं उभी होती. एकालाही घाई नव्हती. इतकी माणसं आणि श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नाही. रेडिओला कान लावून माणसं बसतात तेव्हा असते, तशी ती शांतता होती.

आपण या कोपऱ्यात जागच्या जागी पाय उचलत होतो, तेव्हा ही सगळी मागून चालत होती. विमलाच्या मनात एवढंच आलं. का, कुठून, ते आलं नाही.

समोरच्या म्हातारीने उजवा पाय उचलला. तो उंबऱ्यावर थांबला. संहितेत पुढे लिहिलं होतं, दार धाडकन लावणे.

काचेमागे मनस्वी हाताने खुणा करत होती. एक क्षण गेला, तीन गेले, पाच गेले. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे आकाश कोसळणं. बाळाच्या कपाळावर घाम दिसत होता. तो बाजूला उभा होता, त्याला दाराची फक्त कड दिसत असणार. तरी त्याने कागद खाली केला आणि संहितेत नसलेलं वाक्य बोलला, अगदी हळू.

"एवढी माणसं?"

विमलाने दार लावलं नाही. ते तिने पूर्ण उघडलं, मागे रेटून धरलं आणि स्वतः अंग चोरून बाजूला झाली. मग उजवा पाय लांबवून सागवानी फळीवर टाच अशी आपटली, की बाहेर ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटावं, मास्तरांनी दार धाडकन लावलं. मनस्वीने सुटकेचा श्वास सोडला. पोरांनी पुढचं वाक्य पकडलं.

दार उघडंच होतं. म्हातारीचं पाऊल उंबऱ्याच्या अलीकडे टेकलं.

आवाज झाला नाही. स्टुडिओत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता, त्यावरून चाललेलं कोणालाच ऐकू येत नाही. विमलाने डोळे मिटले. तिच्या लुगड्याचा काठ हलत राहिला, पुन्हा, पुन्हा, गर्दीत उभं राहिल्यावर हलतो तसा.

७

उरलेली आठ मिनिटं नाटक व्यवस्थित झालं. फक्त एक फरक पडला, आणि तो विमलासारखीलाच कळावा. रिकाम्या खोलीत बोलणं वेगळं वाजतं आणि माणसांनी भरलेल्या खोलीत वेगळं. भरल्या खोलीत आवाज माणसांच्या अंगात मुरतो. त्या चार जणांच्या स्टुडिओत बाळाचा आवाज हळूहळू मऊ आणि जवळचा होत गेला, दाटीवाटीने भरलेल्या मांडवात होतो तसा. काचेमागे शिवाने आवाजाची कळ वर नेली. थोड्या वेळाने आणखी वर. तिसऱ्यांदा वर नेताना त्याने मान उचलून स्टुडिओकडे पाहिलं आणि मग नाटक संपेपर्यंत तिकडे पाहिलं नाही.

शेवटच्या विनोदावर पोरं खरंच हसली. लाल दिवा विझला.

विमलाने डोळे उघडले. दारापलीकडे भोकाभोकांची भिंत होती. तिने दार हलक्या हाताने लोटलं आणि कडी घातली.

मनस्वी आत आली, तिने विमलाचे दोन्ही हात धरले. म्हणाली, मधल्या शांततेने माझा जीव गेला होता, पण बाहेर फोनवर फोन येतायत, लोक म्हणतायत इतकं जवळून नाटक कधी ऐकलं नव्हतं. एका बाईंनी चिपळूणहून फोन केला, त्या रडत होत्या आणि आपण का रडतोय ते त्यांना सांगता येत नव्हतं. बाळा पाणी प्यायला आणि विमलाच्या जवळ येऊन उभा राहिला. ते वाक्य तोंडातून कसं गेलं, असं त्याने विचारलं. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, एवढंच.

मग सगळे निघाले. स्टुडिओचं बाहेरचं दार जाड आणि जड होतं, आपोआप मिटणारं. काचेमागून आलेला शिवा पुढे झाला आणि त्याने ते हाताने धरून ठेवलं. दोन्ही पोरं बाहेर पडली. बाळा गेला. मनस्वी गेली. शेवटी विमला, गुडघे सांभाळत.

ती व्हरांड्यात आली तरी शिवाने दार सोडलं नाही. तो पाठ दाराला लावून उभा होता, दोन्ही पाय जुळवून, मान किंचित खाली, देवळात पालखी जाताना उभं राहतात तसा. खोलीतले दिवे चालू होते आणि आत कोणी नव्हतं. मनस्वी चार पावलं परत आली. म्हणाली, सगळे बाहेर आले की शिवा, आता कोणासाठी धरलंयस?

शिवाचे डोळे भरले होते.

"येऊ देत सगळी," तो म्हणाला. "घाई नको."

मनस्वीने विमलाकडे पाहिलं. विमलाने पदर सावरला आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांवर एका बाजूला सरकून, वाट सोडून उभी राहिली.